खाणकामाचा पर्यावरणावर परिणाम आणि खाणीची जागा पुन्हा सावरणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खाणीजवळ राहणारे, खाणीत काम करणारे, कॉलेजात प्रोजेक्ट करणारे, सगळेच हे प्रश्न परत परत पाठवतात, म्हणून एकदाच एका जागी उत्तरं लिहून ठेवतोय. आधी साधे प्रश्न, पुढे किचकट. सगळं वाचायला वेळ नसेल तर 3, 6 आणि 15 एवढे तरी वाचा, कारण खाण बंद झाल्यावर त्या जागेचं काय होणार हे बहुतेक वेळा पाणी आणि पैसा या दोनच गोष्टींवर ठरतं.

1. खाण म्हणजे एक मोठा खड्डाच ना? तेवढी जागा गेली, बाकी काय बिघडतं एवढं?

बऱ्याचदा खड्डाच सगळ्यात कमी त्रास देतो. खरा पसारा बाहेर असतो. वरची माती आणि दगड काढून रचलेले डंप, धातू वेगळा केल्यावर उरलेला बारीक गाळ (याला टेलिंग्ज म्हणतात), धूळ, ब्लास्टिंगचे हादरे, आणि खड्डा कोरडा ठेवायला रात्रंदिवस चालणारे पंप, ज्यांच्यामुळे आजूबाजूच्या विहिरींचं पाणी खाली जातं. तांब्याच्या कितीतरी खाणींत दगडात तांबं जेमतेम अर्धा ते एक टक्का असतं. अर्धा टक्का धरलं तर 1 टन तांब्यासाठी 200 टन दगड दळायचा, आणि त्या दगडापर्यंत पोचायला वरचं जे काढलं ते वेगळंच. सोन्याचं तर टनामागे एक-दोन ग्रॅम मिळालं तरी खाण चालते. म्हणजे जे खणलं त्यातलं जवळजवळ सगळं तिथेच पडून राहतं, आणि तेही पीठ करून, म्हणजे हवा-पाणी लागायला अगदी मोकळं.

2. ओपनकास्ट जास्त वाईट की जमिनीखालची खाण?

दोन्हीचं नुकसान वेगळं. ओपनकास्टमध्ये जंगल, शेत, माती सगळं उचललं जातं आणि ते डोळ्यांना दिसतं. जमिनीखालच्या खाणीत वर काही दिसत नाही पण आधार काढून घेतला की वरची जमीन खचते. लाँगवॉल पद्धतीत कोळसा काढत पुढे जातात आणि मागचं छत मुद्दाम बसू देतात, त्यामुळे जमीन लवकर खचते आणि कुठे किती खचणार याचा अंदाज तरी करता येतो. खांब सोडून खणलेल्या जुन्या खाणीत मात्र कुठला खांब कधी ढासळेल कोणी सांगू शकत नाही, खाण बंद होऊन पिढी दोन पिढ्या गेल्यावर घरांच्या भिंतींना तडे जातात. पाण्याचा प्रश्न दोन्हीकडे आहेच.

3. खाणीखालच्या ओढ्याचं पाणी केशरी, लालसर का होतं?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच, आणि सगळ्यात महत्त्वाचाही. कोळशाच्या आणि धातूंच्या खाणींत बऱ्याच ठिकाणी दगडात पायराईट असतं, लोखंड आणि गंधकाचं सोनेरी चमकणारं खनिज. जमिनीत खोल असेपर्यंत त्याला हवा मिळत नाही म्हणून ते लाखो वर्षं तसंच राहतं. वर आणून फोडलं की हवा लागते, पाणी लागतं आणि त्यातून सल्फ्युरिक ॲसिड बनायला लागतं. त्यात ॲसिडिथायोबॅसिलस फेरोऑक्सिडन्ससारखे जिवाणू असतात जे लोखंडावरच जगतात, ते हा सगळा प्रकार कितीतरी पट वेगाने करतात. मग ते ॲसिड दगडातलं तांबं, जस्त, कॅडमियम, आर्सेनिक विरघळवत खाली येतं. पुढे चांगल्या ओढ्याचं पाणी मिसळलं की आम्लता उतरते, विरघळलेलं लोखंड खाली बसतं आणि दगडांवर केशरी साका चढतो. असा एक दगड उचलून उलटा करून बघा: वरचा साका बोटाला बुळबुळीत लागतो, आणि दगडाच्या खालच्या बाजूला ज्या चिकटलेल्या अळ्या, किडे असायला पाहिजेत त्यातलं एकही दिसत नाही. किडे नाहीत म्हणजे ते खाणारे मासे नाहीत. (बघून झालं की हात धुवा.)

हे एकदा सुरू झालं की थांबवणं फार म्हणजे फार अवघड. कॅलिफोर्नियातली आयर्न माउंटन खाण 1963 मध्ये बंद झाली, तिथे आतल्या पाण्याचा पीएच (आम्लतेचं माप, आकडा जितका कमी तितकं पाणी जास्त आम्ल) उणे 3.6 पर्यंत मोजला गेलाय, हो, शून्याच्याही खाली, आणि तिथलं पाणी आजही शुद्ध करूनच पुढे सोडावं लागतं. स्पेनमधली रिओ टिंटो नदी तर हजारो वर्षांच्या खाणकामानंतर अजून लाल वाहते. तिथे नैसर्गिक पायराईटचाही वाटा आहे, पण खाणींनी भर घातली हे नक्की.

म्हणूनच खणायच्या आधी दगडाची टेस्ट करायची असते: ॲसिड बनवणारं खनिज किती आणि ते मारणारं, म्हणजे चुनखडीसारखं, किती याचा हिशोब. शंका असेल तर तोच दगड महिनोन्महिने ओला-कोरडा करून काय झिरपतं ते बघतात. खाणीच्या खर्चापुढे ह्या टेस्टचा खर्च काहीच नाही, आणि तरी ती ढिलाईने केली जाते याचा मला खरंच राग येतो.

4. आमच्याकडे पाणी अगदी स्वच्छ दिसतं, केशरी वगैरे काही नाही. मग ठीक ना?

दिसण्यावर जाऊ नका. खूप आम्ल पाण्यात शेवाळ-गाळ काही राहत नाही, ते काचेसारखं नितळ असू शकतं. आणि पाणी आम्ल नसलं तरी आर्सेनिक, जस्त, सेलेनियम, सल्फेट त्यात असू शकतं. अमेरिकेच्या अपालाचियन डोंगरात डोंगरमाथे उडवून कोळसा काढला, तिथल्या ओढ्यांत सेलेनियम वाढलं आणि वाकड्या मणक्याची माशांची पिल्लं सापडली. घरच्या घरी एक करता येतं, कंडक्टिव्हिटी किंवा टीडीएस, म्हणजे पाण्यात एकूण किती क्षार विरघळलेत ते, मोजायचं पेनाएवढं मीटर घ्या आणि खाणीच्या वरच्या बाजूचं आणि खालच्या बाजूचं पाणी एकाच दिवशी मोजा. खाली आकडा एकदम चढला असेल तर लॅबमध्ये धातूंची टेस्ट करून घ्या. मीटरला कुठला धातू आहे ते कळत नाही आणि थोड्या प्रमाणातलं आर्सेनिक तर त्याला दिसतच नाही, त्यामुळे आकडा कमी आला म्हणून पाणी पिण्याजोगं ठरवू नका.

5. टेलिंग्जची धरणं फुटतात कशी? पाण्याची धरणं तर एवढी फुटत नाहीत.

पाण्याचं धरण एकदा बांधून पूर्ण होतं. टेलिंग्जचं धरण खाण चालू असेपर्यंत थोडंथोडं उंच करत नेतात, आणि सगळ्यात स्वस्त पद्धतीत नवीन बांध आधीच्याच गाळावर आतल्या बाजूला रचत जातात. तो गाळ आतून ओलाच असेल तर एखाद्या दिवशी त्याचा घट्टपणा क्षणात जातो आणि सगळं द्रवासारखं वाहायला लागतं. ब्राझीलमध्ये 5 नोव्हेंबर 2015 ला मारियानाजवळचं फुंडाव धरण फुटलं, 19 माणसं गेली आणि चिखल रिओ दोसी नदीतून थेट समुद्रापर्यंत पोचला. त्याच देशात 25 जानेवारी 2019 ला ब्रुमाजिन्यूचं धरण गेलं, 270 लोक मेले. त्या धरणात नवा गाळ टाकणं आधीच बंद झालं होतं, तरी आत पाणी होतं. त्यानंतर ब्राझीलने ही पद्धत बंद केली आणि ऑगस्ट 2020 मध्ये टेलिंग्जसाठी जागतिक मानक आलं.

धरणच नको असेल तर गाळातलं पाणी फिल्टरने काढून तो ओलसर मातीसारखा रचता येतो. महाग पडतं, पण पाणी वाचतं आणि फुटायला मागे तळं नसतं. साधा डंपही जीवघेणा होऊ शकतो: वेल्समधल्या ॲबरफानला कोळशाच्या खाणीतला टाकाऊ ढीग झऱ्यावर रचला होता, 21 ऑक्टोबर 1966 ला तो घसरून शाळेवर आला, 144 माणसं मेली, त्यातली 116 मुलं.

6. खाण बंद झाली, मशीन गेली, पंप काढले. आता तरी त्रास संपला ना?

उलट काही त्रास तेव्हाच सुरू होतो. पंप थांबले की भूजल हळूहळू वर चढतं, वर्षानुवर्षं हवा लागून गंजलेल्या भिंतींमधले सगळे क्षार आणि धातू धुऊन घेतं आणि जिथे सगळ्यात खालचं तोंड सापडेल तिथून बाहेर पडतं. इंग्लंडमध्ये कॉर्नवॉलची व्हील जेन खाण 1991 मध्ये बंद झाली, जानेवारी 1992 मध्ये साठलेलं आम्ल पाणी फुटून बाहेर आलं आणि फाल नदीची खाडी केशरी झाली. अमेरिकेत ब्यूटच्या बर्कली पिटमध्ये 1982 ला पंप बंद केले, खड्ड्यात विषारी आम्ल तळं तयार झालं, त्यावर उतरलेले हिमहंस 1995 मध्ये शेकड्याने आणि 2016 मध्ये हजारोंनी मेले.

म्हणून बंद खाणीचं तोंड कोणी परस्पर उकरायला जाऊ नये. ऑगस्ट 2015 मध्ये कोलोरॅडोच्या गोल्ड किंग खाणीत सरकारी टीमच काम करत होती, मागे किती पाणी दाबून आहे याचा अंदाज चुकला आणि एक कोटी लिटरच्या वर पाणी ॲनिमास नदीत गेलं.

7. रिक्लमेशन म्हणजे नक्की काय? झाडं लावणं?

झाडं जवळजवळ शेवटी येतात. आधी डंपचा उतार कमी करायचा, कारण ट्रकने ओतलेला ढीग ज्या कोनात थांबतो तो पावसात टिकत नाही, नाल्या पडतात. ॲसिड करणारा दगड वेगळा ओळखून तो चिकणमातीच्या थराखाली किंवा कायम पाण्याखाली दाबायचा, म्हणजे हवा लागत नाही. मग पावसाचं पाणी कुठून जाणार त्या वाटा करायच्या. मग माती, मग गवत आणि झाडं, आणि त्यानंतर कित्येक वर्षं मोजमाप. फोटो फक्त झाडांचे निघतात त्यामुळे लोकांना वाटतं तेवढंच काम आहे. ज्या खाणीत हे खणतानाच शेजारी शेजारी चालू असतं ती खाण बरी, "शेवटी एकदम करू" म्हणणाऱ्यांकडे शेवटी पैसे उरत नाहीत (प्रश्न 15).

8. वरच्या मातीचं एवढं काय? बाहेरून आणून टाकता येत नाही का?

आणता येते, पण मग दुसरी कुठलीतरी जागा उघडी पडते. आणि वरच्या वीतभर मातीत त्या जागेचं बी असतं, मुळांना जोडून घेणारी बुरशी असते, गांडुळं असतात. ती उंच ढीग करून पाच-दहा वर्षं ठेवली तर आत हवा जात नाही आणि यातलं बरंचसं मरतं. ढीग बुटका ठेवायचा, वर गवत वाढू द्यायचं, आणि शक्य असेल तर न साठवता इकडून उचलून थेट तिकडच्या तयार जागेवर पसरायची. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या जारा जंगलात बॉक्साईट खाणींत ही पद्धत वापरतात. तिथे स्थानिक झाडं बरीच परत आली, पण जंगल खरंच पहिल्यासारखं झालं का यावर अजून वाद चालू आहे.

9. हजारो रोपं लावली, पाणी घातलं, तरी खुरटून मेली. काय चुकलं?

आधी पीएच बघा (प्रश्न 3), तो ठीक असेल तर नव्वद टक्के संशय दाबलेल्या जमिनीवर. जमीन सपाट आणि सुबक दिसावी म्हणून डोझर इतक्या वेळा फिरवतात की ती रस्त्यासारखी होते. मेलेलं रोप उपटून बघा. मुळं सरळ खाली न जाता खड्ड्याच्या तळाशी आडवी वळून गोल फिरलेली दिसतील, म्हणजे त्यांना खाली जायला जागाच नव्हती. अपालाचियात ह्याच कारणाने कित्येक वर्षं फक्त गवताळ माळ तयार झाले, मग तिथल्या वनशास्त्रज्ञांनी सांगितलं की वरचा किमान 1.2 मीटर थर सैल ठेवा, ओबडधोबड राहू दे, आणि दाट गवत पेरू नका कारण ते रोपांचं पाणी पळवतं. जिथे हे ऐकलं तिथे झाडं जोमाने वाढली. आधीच दाबलेली जमीन असेल तर डोझरला खोल फाळ लावून ती फाडून घ्यावी लागते.

10. जे काढलं तेच परत खड्ड्यात का भरत नाहीत?

कोळशाच्या पट्टा पद्धतीच्या खाणीत भरतातच, पुढचा पट्टा खणताना मागचा भरत जातात. अमेरिकेत 1977 च्या कायद्याने कोळशाच्या ओपनकास्टमध्ये जमिनीचा मूळ उंचसखलपणा साधारण परत आणणं बंधनकारक केलंय. धातूच्या खोल खड्ड्यात शेवटपर्यंत खालीच काम चालतं, मग सगळा डंप परत उचलायचा म्हणजे कमाई शून्य असताना प्रचंड डिझेल जाळायचं. शिवाय फोडलेला दगड फुगतो, त्यामुळे जमिनीखालच्या खाणीत टेलिंग्जमध्ये सिमेंट मिसळून भरले तरी सगळे मावत नाहीत. जेवढे मावतात तेवढे मात्र भरावेत, जमीनही कमी खचते.

11. मग खड्ड्याचा तलाव करून टाकला तर? मासेमारी, बोटिंग होईल.

होऊ शकतं, पण पाणी भरलं म्हणजे तलाव झाला असं नाही. काठ एकदम खडे असतात, पाय घसरला की सरळ खोल पाणी. जर्मनीत नाख्टरश्टेटला 18 जुलै 2009 रोजी पाणी भरत असलेल्या जुन्या खाणीच्या तळ्याचा काठ घरांसकट घसरला, 3 माणसं गेली. खोल तळ्यात वरचं आणि तळाचं पाणी वर्षानुवर्षं मिसळत नाही, वर सगळं छान आणि खाली ऑक्सिजन नसलेलं, धातू भरलेलं पाणी. त्याच देशात लुसेशियात लिग्नाईटच्या (तपकिरी कोळशाच्या) खड्ड्यांची मोठमोठी तळी केली आणि ती चांगली वापरात आहेत, पण आम्लता मारायला बोटींतून चुना टाकावा लागतो. काठ, पाण्याचे थर आणि पुढची देखभाल ह्या तिन्हीचं उत्तर असेल तर तलाव जरूर करा. तलावच हवा असंही नाही, कॉर्नवॉलमध्ये चिनी मातीच्या जुन्या खड्ड्यात 2001 मध्ये ईडन प्रोजेक्ट नावाची काचघरासारखी मोठी बाग उघडली.

12. काही झाडं विषारी धातू शोषून घेतात म्हणे, ती लावली की काम झालं?

अशी झाडं आहेत. न्यू कॅलेडोनियातल्या एका झाडाचा चीक निकेलमुळे हिरवा-निळा असतो. पण मूळ जिथपर्यंत जातं तेवढीच माती साफ होते, वेळ खूप लागतो, आणि धातू भरलेला पाला गुरांनी खाल्ला तर विष पुढे सरकलं. खाणीच्या जागेवर बहुतेक वेळा उलटं झाड लागतं, धातू वर न ओढणारं आणि माती धरून ठेवणारं, जसं वाळ्यासारखं खोल मुळांचं गवत.

13. खड्डा वीज केंद्राच्या राखेने भरतो म्हणतात. चालेल का?

हो किंवा नाही असं एका शब्दात उत्तर नाही. काही राख अल्कली असते, ती आम्ल पाणी सौम्य करू शकते. पण राखेत आर्सेनिक, बोरॉन, सेलेनियम असतं आणि खड्ड्याचा तळ भूजलाच्या खाली असेल तर राख कायम भिजत राहणार. तीन गोष्टी विचारा: भूजल शेवटी किती वर येणार, राखेची झिरप टेस्ट केली का, आणि आजूबाजूला निरीक्षण विहिरी आहेत का. कागद दाखवत नसतील तर विरोध करणं रास्त आहे.

14. कोळशाच्या खाणीची आग विझवता का येत नाही?

कोळशाला हवा लागली की तो आपोआप तापतो आणि पेटतो, आणि जुन्या बोगद्यांतून, भेगांतून हवा मिळतच राहते. पाणी ओतून वरचं विझतं, आतला दगड तापलेलाच असतो. झारखंडच्या झरियात 1916 पासून आग आहे, अमेरिकेत सेंट्रेलियाला 1962 पासून. आग लहान असताना जळता कोळसा खणून काढणं किंवा चर मारून तोडणं हाच खात्रीचा उपाय. वर झाडं लावून काही होत नाही. जमिनीतून वाफ निघतेय, गवत एकाच पट्ट्यात वाळतंय असं दिसलं तर तिथे चालूही नका, खाली पोकळी असू शकते आणि कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो.

15. ह्या सगळ्याचे पैसे कोण भरतं? आणि कंपनी बुडाली तर?

नियम म्हणून खाणवाल्याने. पण साफसफाईचा खर्च नेमका कमाई संपल्यावर येतो, म्हणून खणायच्या आधीच सरकारकडे बाँड किंवा बँक गॅरंटी ठेवून घेतात. घोळ तीन ठिकाणी होतो. एक म्हणजे रक्कम खूप कमी धरलेली असते. दुसरं, "आमची कंपनी मोठी आहे" एवढ्यावरच हमी मानली जाते आणि कोळशाचा भाव पडला की ती हमी कंपनीबरोबरच बुडते. तिसरं, खाण संपत आली की मोठी कंपनी ती छोट्या कंपनीला विकते आणि छोटी दिवाळं काढते. मग खर्च लोकांच्या करातून. कॅनडातल्या जायंट माइनचं तसंच झालं, सोनं निघालं आणि जमिनीखाली 2,37,000 टन आर्सेनिक ट्रायऑक्साईडची भुकटी उरली, ती आता जमीन गोठवून अडवायचं काम सरकार करतंय. हे काम कायमचं, त्याला संपायची तारीख नाही.

16. छोट्या खाणी, वाळू उपसा यांचं काय? ते तर किरकोळ असतं.

एकेक किरकोळ, मिळून अजिबात नाही. हाताने सोनं काढणाऱ्या छोट्या खाणी हा माणसाने हवेत सोडलेल्या पाऱ्याचा जगातला सगळ्यात मोठा स्रोत आहे, कारण पारा-सोन्याचा गोळा उघड्यावर, कधी घरातच तापवतात. 2017 पासून लागू असलेल्या पाऱ्यावरच्या आंतरराष्ट्रीय मिनामाता करारात म्हणूनच त्यांचा वेगळा उल्लेख आहे. बंदी घातली की लोक लपूनछपून करतात, त्यापेक्षा पाऱ्याशिवायची साधनं देणं उपयोगी. वाळू-खडीचा जगातला वापर दरवर्षी सुमारे 5000 कोटी टन आहे. नदीतून भरून येते त्यापेक्षा जास्त वाळू काढली की पात्र खोल जातं, पुलांचे पाय उघडे पडतात आणि काठच्या विहिरी आटतात. तिथे रिक्लमेशन म्हणजे मुख्यतः उपसा थांबवणं आणि नदीला वेळ देणं.

17. जुने टेलिंग्ज परत खणून धातू काढतात, ते चांगलं का?

चांगलं होऊ शकतं, जुन्या पद्धतीत बराच धातू राहून जायचा. पण गाळ परत हलवला की धूळ, ॲसिड, धरणाचा धोका सगळं नव्याने. उरलेला गाळ शेवटी आधीपेक्षा सुरक्षित जागी जाणार का, एवढं विचारा. रोमानियात बाया मारेला जुन्याच टेलिंग्जमधून सोनं काढत होते, 30 जानेवारी 2000 ला तिथला बांध फुटला आणि सायनाइडचं पाणी तिसा नदीतून डॅन्यूबपर्यंत गेलं.

18. जागा पहिल्यासारखी व्हायला किती वर्षं लागतात?

गवत एक-दोन पावसाळ्यात येतं, झाडांची सावली दहा-वीस वर्षांत, मातीचा कस त्याहून कितीतरी उशिरा. काही जागा पहिल्यासारख्या होतच नाहीत. नाउरू बेटावर फॉस्फेट खरवडून काढल्यावर मधल्या मोठ्या भागात फक्त चुनखडीचे सुळके उरलेत, मातीच नाही. म्हणून "पहिल्यासारखं करू" असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. सुरक्षित, स्थिर, पाणी न बिघडवणारं आणि ठरलेल्या वापराला योग्य, एवढं जमलं तरी ते मोठं काम आहे.

19. खाणीचा क्लोजर प्लॅन (खाण बंद करायचा आराखडा) हातात आलाय, शेकडो पानं आहेत. कुठून वाचू?

झाडांच्या यादीवरून सुरुवात करू नका, ती नेहमीच छान असते. आधी दगडाच्या ॲसिड टेस्टचं पान शोधा, नमुने किती आणि कुठून घेतले ते बघा. मग पंप बंद झाल्यावर पाणी किती वर येणार आणि कुठून बाहेर पडणार याचा नकाशा आहे का. मग बाँडची रक्कम, ती शेवटची कधी वाढवली, आणि त्रयस्थ ठेकेदाराकडून काम करून घ्यायचं झालं तर पुरेल का. मग बंद झाल्यावर किती वर्षं मोजमाप करणार, आणि ते आकडे लोकांना बघायला मिळणार की नाही. यातलं एखादं पान सापडलं नाही तर सुनावणीच्या आधी लेखी विचारा, तोंडी विचारलेलं रेकॉर्डवर येईलच असं नाही, आणि पोच घ्यायला विसरू नका.